बंदिवानाला हात हवा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर परक्या धर्मांचे ग्रंथ आपुलकीने वाचले. म्हणून मी आजच्यासाठी ज्यू परंपरेतला पश्चात्तापाचा आणि संकटातल्या ईश्वराचा विचार निवडला. विषय अफाट आहे. तासाभरात त्याचा आढावा घ्यायला गेलो, तर आपल्या हाती नावांच्या यादीपलीकडे काही लागणार नाही. तेव्हा मी मुख्यतः एकाच माणसाबद्दल बोलणार आहे.

तिसऱ्या शतकात, रोमन अमलाखालच्या गालील प्रांतात, सरोवराकाठच्या तिबेरिया गावी रब्बी योहानान नावाचे आचार्य होते. त्यांच्या दोन कथा तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. एकीत ते आजारी माणसाला हात देऊन उठवतात. दुसरीत, ज्याला त्यांनीच एकदा वर काढले होते, त्याला ते एका वाक्याने खाली ढकलतात. या दोन कथा मी एकमेकींशेजारी ठेवून वाचतो, आणि ज्यू धर्मविचाराचे एक मर्म मला तिथे सापडते. पश्चात्ताप आणि दुःख, दोन्ही माणसाला एकट्याने निभत नाहीत. ईश्वर भेटलाच, तर तो बहुधा दुसऱ्या माणसाच्या हातून भेटतो. आणि तो दुसरा माणूस कधीकधी दार लावून घेतो, हेही या परंपरेने लपवलेले नाही.

कथांच्या आधी एक नियम सांगतो, कारण तो आपल्याला चमत्कारिक वाटेल अशा जागी आहे. तालमूदमध्ये ‘बावा मेत्सिया’ नावाचा भाग आहे. त्याचा विषय अध्यात्म नव्हे. ठेवी, मजुरी, सापडलेली वस्तू, व्याज, खरेदी-विक्री असा सगळा रोकडा व्यवहार त्यात आहे. मालाची किंमत किती फुगवली म्हणजे फसवणूक ठरते, याची चर्चा तिथे चालू आहे. ती चालू असताना मिश्नाकार, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या नियमसंहितेचे कर्ते, म्हणतात, की फसवणूक जशी व्यवहारात होते तशी शब्दांनीही होते. घ्यायची नसेल तर दुकानदाराला वस्तूची किंमत विचारू नये. जो पश्चात्ताप करून नव्याने उभा राहिला आहे त्याला त्याची जुनी कृत्ये आठवून देऊ नयेत. तालमूदने याच ओघात पुढची भर घातली आहे: ज्याच्यावर आजार कोसळला आहे, ज्याने आपली मुले पुरली आहेत, त्याच्याशी बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांसारखे बोलू नये. ईयोबाचे मित्र काय बोलले होते? तू काहीतरी केले असशील, निर्दोष माणसावर असे संकट येत नाही.

पश्चात्ताप करणारा आणि दुःख भोगणारा यांना इथे एकाच नियमाचे संरक्षण आहे. शिवाय हा नियम प्रार्थनापुस्तकात नाही, बाजाराच्या कायद्यात आहे. म्हणजे तो मोडणे हा निव्वळ असभ्यपणा राहत नाही. समोरच्याच्या हक्काचे काहीतरी आपण लुबाडले, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या मते या परंपरेची सारी नैतिक सूक्ष्मता या एका जागेवरून ओळखता येते.

आता पहिली कथा. ती ‘बराखोत’ या भागात आहे. तिच्या आधीच्या पानावर सिद्धान्त आहे: दुःख आले तर माणसाने आपली कृत्ये तपासावीत. तपासून काही सापडले नाही, तर धर्माभ्यासात हयगय झाली असे समजावे. तेही नसेल, तर ही प्रेमाची दुःखे आहेत, ईश्वर ज्याच्यावर प्रेम करतो त्याला ती देतो, असे मानावे. सिद्धान्त नीटनेटका आहे. जगातल्या बहुतेक धर्मांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात आढळतो. पण पान उलटले की कथा सुरू होते, आणि सिद्धान्ताची घडी विस्कटते.

रब्बी हिय्या बार अब्बा आजारी पडले. रब्बी योहानान त्यांना भेटायला गेले आणि त्यांनी विचारले, की ही दुखणी तुम्हाला प्रिय आहेत का. प्रश्नाला आधीच्या पानाचा संदर्भ आहे. प्रेमाची दुःखे असतील तर ती प्रिय वाटायला हवीत. हिय्यांनी उत्तर दिले, की दुखणीही नकोत आणि त्यांचे बक्षीसही नको. यावर योहानान वाद घालत नाहीत, उपदेश करत नाहीत. हात पुढे कर, एवढेच म्हणतात. हात धरतात आणि त्यांना उठवतात.

मग योहानान स्वतः आजारी पडतात. रब्बी हनिना येतात. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि हनिना त्यांना हात देऊन उठवतात. इथे तालमूद मध्येच एक शंका घेते: योहानानांना दुसऱ्याला उठवता येत होते, मग स्वतःला का नाही उठवले? त्यावर उत्तर येते, की बंदिवान स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

तिसरा आजारी रब्बी एलाझार. ते एका अंधाऱ्या खोलीत पडले होते. योहानान विलक्षण देखणे होते, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी बाही वर केली आणि दंडाच्या तेजाने खोली उजळली. त्या उजेडात त्यांना दिसले, की एलाझार रडत आहेत. का रडता? अभ्यास पुरेसा झाला नाही म्हणून? थोडा असो वा फार, मन ईश्वराकडे लागलेले असले की झाले. गरिबीमुळे? इहलोक आणि परलोक अशी दोन्ही ताटे सर्वांनाच कुठे वाढलेली असतात? मुले नाहीत म्हणून? असे विचारताना योहानान आपल्याजवळचे एक लहानसे हाड दाखवतात. हे माझ्या दहाव्या मुलाचे, म्हणतात. त्यांचे दहा मुलगे गेले होते. शेवटच्याचे हे हाड ते जवळ बाळगत.

तिन्ही सांत्वने चुकतात. मुले गमावलेल्या बापाजवळचे हाडसुद्धा इथे उपयोगी पडत नाही, कारण एलाझारांचे दुःख वेगळेच आहे. ते सांगतात, की तुमचे हे सौंदर्य एक दिवस मातीत कुजणार, म्हणून मी रडतो. योहानान म्हणतात, की यासाठी मात्र रडायलाच हवे. आणि दोघे मिळून रडतात. त्यानंतर कुठे तो प्रश्न येतो, ते उत्तर येते आणि हात पुढे केला जातो.

हा क्रम नीट पाहावा. समजावणे संपेपर्यंत हात धरला गेला नाही. आजाऱ्याच्या दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक आहे, हे गृहीत सुटले, दोघे एकाच गोष्टीसाठी रडले, तेव्हा उठवण्याचे बळ आले. एकाच पानात तीन आचार्य, त्यांतला एक परंपरेतला मोठ्यात मोठा, आणि तिघांच्याही तोंडी तोच नकार. दुःखाचे गोडवे गायला त्यांनी साफ नकार दिला, आणि तालमूदने त्याबद्दल त्यांना बोल लावला नाही. दुःखिताकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणारी धार्मिक भाषा मला फार क्रूर वाटते. तिच्याविरुद्ध इतके स्पष्ट पान दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथात मी वाचलेले नाही.

दुसरी कथा ‘बावा मेत्सिया’तलीच आहे, शब्दांच्या फसवणुकीचा नियम जिथे आहे त्याच भागातली. योहानान यार्देन नदीत स्नान करत होते. रेश लाकिश नावाच्या दरोडेखोराने त्यांना पाहिले आणि पाण्यात उडी मारली. योहानान म्हणाले, तुझे बळ धर्माच्या अभ्यासाला शोभेल. तो म्हणाला, तुमचे रूप बाईला शोभेल. योहानानांनी सांगितले, की तू हा मार्ग सोडलास तर माझी बहीण तुला देईन, ती माझ्याहून देखणी आहे. त्याने कबूल केले. मग कपडे आणायला तो माघारी उडी घेऊ लागला, तर त्याला जमेना. पहिले बळ उरले नव्हते. योहानानांनी त्याला मिश्ना शिकवली, शास्त्र शिकवले, मोठा माणूस केले. पुढे रेश लाकिश तिबेरियाच्या विद्यापीठात त्यांच्या बरोबरीने बसू लागला.

एक दिवस अभ्यासमंडपात चर्चा निघाली. तलवार, सुरी, खंजीर, भाला, विळा, ही साधने शुद्धाशुद्धतेचे नियम लागण्याइतकी पूर्ण कधी होतात? योहानान म्हणाले, भट्टीत तापवून झाली की. रेश लाकिश म्हणाले, पाण्यात पाजळून झाली की. मुद्दा तांत्रिक होता. दोन्ही मते मांडून पुढे जाता आले असते. पण योहानान बोलून गेले, की दरोडेखोराला दरोड्याची हत्यारे कळणारच.

रेश लाकिश दुखावले. म्हणाले, मग तुम्ही माझे काय भले केलेत? तिथेही लोक मला गुरू म्हणत, इथेही म्हणतात. योहानानांनी ऐकवले, की मी तुला ईश्वराच्या पंखाखाली आणले. आता योहानानही दुखावले होते. रेश लाकिश आजारी पडले. त्यांची बायको, म्हणजे योहानानांची बहीण, रडत भावाकडे आली. माझ्या मुलांसाठी तरी काही कर, म्हणाली. भावाने धर्मग्रंथातले वचन काढले, की अनाथांना ईश्वर सांभाळतो. माझ्या वैधव्यासाठी तरी, ती म्हणाली. त्याने विधवांसाठीचेही वचन काढले.

या जागी मी नेहमी थबकतो. वचने दोन्ही खरी आहेत, दोन्ही अनाथ-विधवांच्या कळवळ्यातून आलेली आहेत. भाऊ ती दार लावायला वापरतो. आजाऱ्यांना हात देऊन उठवणारा हाच माणूस, आणि बहिणीच्या नवऱ्याच्या बिछान्यापर्यंत तो जात नाही.

रेश लाकिश वारले. योहानान शोकात बुडाले. मन रमावे म्हणून विद्वानांनी एलाझारांना त्यांच्याकडे पाठवले. अंधाऱ्या खोलीतले एलाझार ते हेच, असे साधारणपणे मानले जाते. योहानान काही मांडत आणि एलाझार लगेच म्हणत, की तुमच्या मताला अमुक आधार आहे. योहानान म्हणाले, तू लाकिशच्या मुलासारखा, रेश लाकिशसारखा, आहेस का? मी एक बोललो की तो चोवीस आक्षेप काढी, मी चोवीस उत्तरे देई, आणि शास्त्र रुंद होत जाई. तू म्हणतोस आधार आहे. माझे बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? मग ते कपडे फाडून, लाकिशच्या मुला, कुठे आहेस, असा आक्रोश करत फिरू लागले. बुद्धी ढळेपर्यंत ते ओरडत राहिले. अखेर विद्वानांनी त्यांच्यासाठी दयेची याचना केली आणि ते वारले.

पश्चात्तापावरचा तालमूदमधला सर्वांत धाडसी विचार याच रेश लाकिशच्या नावावर आहे. तो ‘योमा’ या भागात येतो. माणूस भीतीने पश्चात्ताप करतो तेव्हा जाणूनबुजून केलेली पापे नकळत झालेल्या चुकांसारखी धरली जातात. पण तो प्रेमाने पश्चात्ताप करतो तेव्हा तीच पापे पुण्यासारखी होतात. पुष्कळांना हे पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. दरोडा पुण्य कसा होईल? मला वाटते, उत्तर त्या हत्यारांच्या चर्चेतच आहे. सुरी कधी पुरी होते हे रेश लाकिशना दरोडेखोरीतून कळले होते. तेच ज्ञान आता अभ्यासमंडपात शास्त्राच्या कामी येत होते. त्यांचे गतायुष्य पुसले गेले नव्हते, कामाला लागले होते. योहानानांनी एका वाक्यात ते ज्ञान पुन्हा दरोड्याच्या हवाली केले. गतकाळाचे रूपांतर दुसऱ्याने मान्य केले तरच टिकते, नाहीतर ते उलटवता येते. म्हणून तो नियम फसवणुकीच्या कायद्यात आहे.

नऊशे वर्षांनी मोशे बेन मैमोन, म्हणजे मायमोनिडीज, यांनी पश्चात्तापाचे नियम दहा अध्यायांत एकत्र बांधले. कोर्दोबात जन्मलेला आणि कैरोजवळ १२०४ साली वारलेला हा वैद्य आणि तत्त्वज्ञ. ते सांगतात, की योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास ईश्वराविरुद्धच्या पापांचे क्षालन करतो. शेजाऱ्याला दुखावले असेल, तर तो प्रसन्न होईपर्यंत उपासाने काही साधत नाही. हे मिश्नातही आहे. मायमोनिडीज त्याचा विधी पुरा करतात. दुखावलेल्या शेजाऱ्याकडे जावे. त्याने माफ केले नाही, तर तीन मित्रांना घेऊन जावे, आणखी दोन वेळा जावे. तरीही नकार असेल तर सोडून द्यावे, आता पाप नकार देणाऱ्याचे. ज्याला दुखावले तो माणूस वारला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्याशी जावे आणि मी याचे अमुक केले, असे सर्वांदेखत सांगावे. हे वाचताना मला आक्रोश करत फिरणारे योहानान आठवतात. त्यांच्या सोबत दहा माणसे नव्हती.

योम किप्पुरच्या प्रार्थनेत पापांची कबुली हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने येते, आणि प्रत्येक शब्दाला माणूस छातीवर हलकेच मूठ मारतो. क्रियापदे सगळी अनेकवचनी आहेत: आम्ही केले. ज्याने चोरी केली नाही तोही म्हणतो, आम्ही चोरले. त्याच दिवशी दुपारी योनाचे पुस्तक वाचतात. त्यात निनवे शहराचे लोक गोणपाट नेसतात, उपास करतात आणि बचावतात. मिश्ना त्यावर आठवण करून देते, की ईश्वराने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिले असे तिथे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे.

ही परंपरा आपल्या कोकणातही शतकानुशतके नांदली. बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवत. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी राहिले नव्हते. पण योम किप्पुर त्यांनी सोडला नाही. त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालून घराची दारे लावून घेत आणि दिवसभर उपाशी, बाहेरच्या कुणाशी संबंध न ठेवता आत राहत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान देत आणि आप्तेष्टांच्या घरी जात. ग्रंथ नसलेल्या समाजाने दोन दिवसांची ही जोडी सांभाळली, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांच्या सभास्थानांत हातबोशीची चालही आहे. वडीलधारा माणूस शेजाऱ्याचा हात आपल्या दोन हातांत घेतो, तो आपला दुसरा हात वरून ठेवतो, मग दोघे हात सोडवून बोटांची टोके ओठांना लावतात. असा तो हात सभास्थानभर एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

मुंबईतले त्यांचे पहिले सभास्थान मांडवीला १७९६ साली उभे राहिले. सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी ते बांधले. स्थानिक नाव सामाजी हसाजी. इंग्रजांच्या फौजेतला हा अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. परंपरा सांगते, की टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला, आणि सुटलो तर सभास्थान बांधीन, असा नवस त्याने केला होता. ‘शाआर हाराहमीम’ हे त्या सभास्थानाचे नाव, दयेचे द्वार.

शेवटी मला वॉर्सामध्ये यायचे आहे. ही सगळी चर्चा तिथे कसोटीला लागते. पियासेच्नोचे रब्बी कलोनिमस काल्मन शपिरा हे हासिदी गुरू, मुलांच्या शिक्षणावर लिहिणारे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात त्यांचा एकुलता मुलगा जखमी झाला. तो इस्पितळात असताना सून आणि मेहुणी बाहेर उभ्या होत्या, त्या मारल्या गेल्या. मग मुलगाही गेला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे, आधी जर्मनव्याप्त वॉर्सात आणि मग ज्यूंना कोंडलेल्या घेट्टोत, ते शब्बाथला प्रवचने देत राहिले आणि लिहून ठेवत राहिले.

१९४२ च्या सुरुवातीच्या एका प्रवचनात ते तालमूदमधल्या एका कल्पनेकडे वळतात: ईश्वर आपल्या आतल्या दालनात रडतो. माणूस स्वतःच्या दुःखासाठी एकटा रडतो तेव्हा तो मोडतो, इतका की त्याला प्रार्थनाही करता येत नाही. पण तो धर्माभ्यासाच्या वाटेने आत शिरला आणि ईश्वराबरोबर रडू लागला, तर त्याला बळ येते. एलाझारांच्या खोलीत दोन माणसे मिळून रडली होती. इथे खोली ईश्वराची आहे आणि भेटायला माणूस गेला आहे. दुःख का आले, याचे उत्तर शपिरा देत नाहीत. एकट्याने रडू नये, एवढीच त्यांची खटपट आहे. ज्यांच्या घरात कोणी उरले नाही, ज्यांचा हात धरायला शेजारीही जिवंत नाही, त्यांच्यासाठी ही खटपट होती.

१९४१ च्या हनुक्का सणाला त्यांनी वेगळे काही सांगितले होते. अशी संकटे आपल्या लोकांवर पूर्वीही आली आहेत, जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले तेव्हाही आली होती, मग आताच श्रद्धा का ढळावी? १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सामधून ज्यूंना घेऊन ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये शपिरांनी त्या जुन्या प्रवचनाशी टीप लिहिली. उन्हाळ्यापर्यंतच्या संकटांबद्दल ते म्हणणे खरे होते, त्यानंतर जे घडले तसे पूर्वी कधी घडल्याचे आपल्या माहितीत नाही, असा तिचा आशय आहे. जुने वाक्य त्यांनी खोडले नाही, त्याच्याशी ही दुरुस्ती ठेवली. आपल्या सांत्वनाच्या शब्दांनी कुणाचे दुःख कमी लेखले गेले असेल, याची जाणीव मला त्या टिपेत दिसते. ज्या गुरूचे सगळे घर गेले होते त्याला हे लिहायची गरज वाटली, यापुढे मी काही बोलू शकत नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ते त्राव्निकीच्या छावणीत मारले गेले. हस्तलिखित त्यांनी घेट्टोतल्या गुप्त संग्रहाच्या हवाली केले होते. सोबत पत्र होते: ज्याला हे सापडेल त्याने ते पॅलेस्टाइनमधल्या माझ्या भावाकडे पाठवावे, अशी विनंती. १९५० मध्ये ढिगाऱ्याखालच्या दुधाच्या किटल्यांतून कागद निघाले. दहा वर्षांनी इस्राएलमध्ये पुस्तक छापले गेले, टिपेसकट.